फाटलेला मांडा ज्योत्स्नाचा

लोधीपुऱ्यात मंगलाचं घर शोधताना आडनाव सांगितलंत तर लोक विचारात पडतील. 'मांडेवाली मंगला' म्हटलंत की पानवाला हातातला चुना तसाच धरून बोटाने गल्ली दाखवील. पुरणाचे मांडे आपल्याकडे घरोघरी होतात, त्यात नवल नाही. पण चारशे पानांच्या लग्नात पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत एकसारखे, पलीकडचं माणूस दिसेल असे मांडे उतरवायचे, तर बुऱ्हाणपुरात दोन-चारच नावं निघतात आणि त्यांत मंगलाचं पहिलं. हे ती स्वतः कधी सांगत नाही. तिचा नवरा भाईदास ते सगळ्यांना सांगतो, त्यामुळे तिला गरजच पडत नाही.

भाईदास कपड्याच्या दुकानात सेल्समन आहे. दिवसभर गिऱ्हाइकापुढे साड्या उलगडतो, पण स्वतःच्या मनाची घडी त्याने पंचवीस वर्षांत कोणापुढे मोडलेली नाही. त्याचा धाकटा भाऊ दिगंबर त्याच घरात राहतो आणि जसोंडी गावची केळीची बाग बघतो. दिगंबरची मुलगी मोनाली, वय तेवीस, एका खाजगी शाळेत शिकवते. मंगलाला स्वतःचं मूल नाही. ही एकच पोर दोन आयांच्या मांडीवर वाढली, आणि त्यांतली जन्म देणारी, दिगंबरची बायको ज्योत्स्ना, चार वर्षांपूर्वी करोनात गेली. तेव्हापासून मोनालीला मोठी माय तेवढी उरली.

मांडा एकट्या बाईच्याने होत नाही. एक जण कणकेच्या दोन पाऱ्यांमध्ये पुरण भरून तो हातावर घेते आणि मनगटांवरून फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठा करते. दुसरी चुलीवर उपडं ठेवलेलं खापर सांभाळते, जाळ कमी-जास्त करते, भाजलेला मांडा उचलून घडी घालते. मंगला फिरवायची, ज्योत्स्ना खापर सांभाळायची. जावाजावांत हेवादावा असायचाच असं जग म्हणतं, पण जगाने या दोघींना एका चुलीपाशी बघितलं नव्हतं. ज्योत्स्ना बोलकी, हसरी, अंगाने भरलेली. शंभरातले चार-पाच मांडे मंगलाच्याही हातून फाटायचे. तो फाटलेला मांडा खापरावर पडला रे पडला की ज्योत्स्ना म्हणायची, "फाटलेला माझा." मग यजमानाची नजर पडायच्या आत तो गुंडाळून पदराआड खाऊन टाकायची. मंगलाच्या नावलौकिकात निम्मा वाटा ज्योत्स्नाच्या पोटाचा होता, असं म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही.

ज्योत्स्ना गेल्यावर मंगला वर्षभर खापराला शिवली नाही. मग हळूहळू पुन्हा जाऊ लागली. खापरापाशी कधी ही बाई, कधी ती. हात चालत होते.

गेल्या दिवाळीनंतर मोनालीचं लग्न ठरलं. मुलगा ऋषिकेश, भुसावळचा, रेल्वेत नोकरीला. साखरपुड्याच्या बैठकीत व्याही म्हणाले की बाकी मानपान काही नको, मे महिन्यातल्या लग्नात मांडे मात्र मोठ्या मायच्याच हातचे पाहिजेत. सगळे हसले. मंगलाही हसली. भाईदासची छाती अर्धा इंच फुगली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी एका लग्नात मंगलाने मांडा हातावर घेतला आणि तिचा उजवा हात थरथरला. मांडा मधोमध फाटून कोपरावर लोंबकळला. तिने दुसरा घेतला, तोही गेला. घरी आल्यावर कुकरचं झाकण लावताना, सुईत दोरा ओवताना हात अगदी शहाण्यासारखा वागला. चार दिवसांनी दुसऱ्या घरी मांडा घेतला की पुन्हा थरथर.

आता दुसऱ्या कुठल्या गावात बाईचा हात थरथरला असता तर लोकांनी बाईकडे बघितलं असतं. आमच्याकडे लोकांनी गव्हाकडे बघितलं. मांडा फाटला म्हणजे गव्हात चिकी, म्हणजे चिकटपणा, नाही, याबद्दल गल्लीत दुमत नव्हतं. एकाने सांगितलं लोकवन घ्या. दुसरा म्हणाला, लोकवन आता पूर्वीचा राहिला नाही, शरबती घ्या. तिसऱ्याने गव्हाला सोडलं आणि चक्कीवाल्याला धरलं, त्याने चक्कीच्या दगडांना टाकी लावून घेतली नाही म्हणे. चक्कीवाल्याने कुंभारावर ढकललं. कुंभाराने नवं खापर दिलं आणि वर ऐकवलं की खापर बापजाद्यांपासून होतं तसंच आहे, पाणीच बदललं आहे. दिगंबर जसोंडीहून विहिरीच्या पाण्याचा कॅन घेऊन आला. शेजारणीने मीठ-मोहऱ्या उतरवल्या. दोन महिन्यांत मंगलाच्या घरात पाच जातींचा गहू गोळा झाला आणि हात तसाच राहिला. हाताचं नाव कोणी घेतलं नाही, आणि मंगला काम नसेल तेव्हा उजवा हात पदराखाली ठेवू लागली.

शेवटी मोनालीने तिला डॉक्टरकडे नेलं. रक्त झालं, थायरॉईड झालं, मग भाईदासबरोबर जाऊन मोठ्या डॉक्टरकडे मेंदूचा फोटोही झाला. सगळं नॉर्मल निघालं. भाईदासला आनंद झाला, मंगलाला झाला नाही. डॉक्टरने तिला विचारलं की घरी भांडी उचलताना हात थरथरतो का. नाही. लिहिताना? नाही. फक्त मांड्याच्या वेळी? हो. त्याने कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि म्हणाला की सरकारी दवाखान्यात मंगळवारी मनाच्या आजारांच्या मॅडम बसतात, त्यांच्याशी एकदा बोलून बघा, यात लाजण्यासारखं काही नाही.

लाजण्यासारखं काही नाही, असं कोणी म्हटलं की भाईदासला हमखास लाज वाटते. घरी आल्यावर त्याने सांगितलं की ही चिठ्ठी कोणाला दाखवायची नाही. लग्न चार महिन्यांवर आलं आहे. पोरीची मोठी माय येड्यांच्या डॉक्टरकडे जाते, हे भुसावळला कळलं तर? त्याचं म्हणणं मंगलाला पटलं. खरं तर पटवून घ्यायला ती तयारच होती. तिने चिठ्ठी चहाच्या डब्यात, पत्तीच्या पुडीखाली ठेवून दिली.

कारण काय होतं ते तिला ठाऊक होतं. गव्हाला, चक्कीला, खापराला आणि पाण्याला दोष देणाऱ्या त्या सगळ्या माणसांमध्ये खरं कारण ठाऊक असलेली ती एकटीच होती.

करोनाच्या दुसऱ्या वर्षी, एप्रिलमध्ये, जसोंडीच्या एका ओळखीच्या घरात लग्न होतं. माणसं मोजकीच, पण मांडे हवे होते; खापरापाशी त्यांच्याच घरची बाई बसणार होती, म्हणून ज्योत्स्ना घरी राहणार होती. भाईदासने जाऊ नको म्हणून सांगितलं. मंगला गेली. नाही म्हणणं तिला जमत नसे, आणि खोटं कशाला बोला, मांडेवाली म्हणून बोलावणं आलं की तिला बरं वाटत असे. आल्यावर चौथ्या दिवशी तिला ताप भरला. ज्योत्स्नाने तिला काढे दिले, अंग पुसलं, डोक्याशी बसून राहिली. मंगला उठली आणि ज्योत्स्ना पडली. अकराव्या दिवशी ती गेली. पुढे तीन आठवड्यांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती.

तेव्हापासून मंगलाच्या मनात एकच वाक्य बसलं होतं, की आजार मी आणला आणि न्यायचं मला सोडून तिला नेलं. हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. आखाजीला आपल्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि निखाऱ्यावर त्यांच्यासाठी घास ठेवतात. त्याला आगारी म्हणतात. गेली तीन वर्षं मंगलाने आखाजीच्या दिवशी दुसऱ्यांच्या घरचं काम घेतलं होतं. लोक म्हणत, बाई सणालाही बसत नाही. ज्योत्स्नाच्या नावाची आगारी आपल्या डोळ्यांदेखत पडू नये म्हणून ती बाहेर पडायची, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. आणि आता त्याच ज्योत्स्नाच्या मुलीच्या लग्नात तिने खापरापाशी बसायचं होतं. जिची आई आपण नेली तिच्या पंगतीला आपल्या हातचे मांडे वाढायचे. हात थरथरणार नाही तर काय होईल?

फेब्रुवारीत राजघाटाजवळ राहणाऱ्या कमलबाईंच्या घरी देवीचं काही होतं. पंचवीस पानं. कमलबाई निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या. अर्ध्या शहराला त्यांनी बाराखडी शिकवली असेल, भाईदासलाही त्यांनीच. त्यांना नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती, म्हणून मंगला गेली. पहिला मांडा उतरला. दुसरा फाटला. तिसरा फाटला. चौथा हातावर घेण्याआधीच हात असा हलू लागला की मंगलाने तो पदराखाली घातला आणि मान खाली घालून बसली. बाहेर पाहुण्यांची पानं मांडली जात होती.

कमलबाईंनी काही विचारलं नाही. त्यांनी चुलीतली जळती लाकडं मागे ओढली, सुनेला बाजारातून मावा जिलेबी आणायला पाठवलं आणि पाट ओढून मंगलाच्या शेजारी बसल्या. मंगला पुटपुटली की गहू बरोबर नाही.

"गहू माझ्या घरचा आहे," कमलबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी याच कोठीतल्या गव्हाचे मांडे तू केलेस. गव्हाचं नाव घेऊ नकोस."

तीन महिन्यांत गव्हाची बाजू घेणारं हे पहिलं माणूस भेटलं होतं. मंगलाला रडू आलं. कमलबाईंनी तिला रडू दिलं. मग सुनेच्या परतीकडे कान ठेवून, वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलावं तशा, चुलीकडे बघत त्या बोलल्या.

"मी रिटायर झाले आणि पुढे काही वर्षांनी मला सकाळी उठावंसं वाटेना. दार उघडावंसं वाटेना. घाट इथून पन्नास पावलांवर आहे, आणि सहा महिने मी तापी बघितली नव्हती. आता दर पंधरा दिवसांनी एका बाईंकडे जाते. मनाच्या डॉक्टरकडे. दोन वर्षं झाली."

मंगलाने मान वर केली. कमलबाई नेहमीसारख्याच दिसत होत्या. चष्मा, इस्त्रीची साडी, कानाजवळ पेनाच्या शाईचा डाग. तिथे नेमकं काय करतात, शॉक देतात का, हे तिने भीत भीत विचारलं.

"बोलायचं. ती ऐकते. मग प्रश्न विचारते. कधी गृहपाठ देते. मी जन्मभर दुसऱ्यांना दिला, आता मला करावा लागतो, आणि चुकतोसुद्धा."

मंगलाला हसू आलं, आणि रडताना हसू आलं की ठसका लागतो तसा लागला. लोकांना माहीत आहे का, असं तिने विचारलं. कमलबाई म्हणाल्या की आजपर्यंत फक्त सुनेला माहीत होतं, आता तुलाही आहे. मग त्या उठल्या आणि बाहेर जाऊन पाहुण्यांना सांगितलं की चूक माझी, मीच मंगलाला निरोप उशिरा दिला, तेव्हा आज जिलेबीवर भागवा. सत्तर वर्षांत कमलबाईंनी आपली चूक चारचौघांत कबूल केल्याचं कोणाला आठवत नव्हतं, आणि ही तर त्यांची चूकही नव्हती. तेवढी एक थाप त्यांनी मंगलासाठी मारली. हे उपकार मंगला अजून बोलून दाखवते. कमलबाईंचं नाव निघालं की ती हात जोडते, मग समोर कोणी का असेना.

घरी आल्यावर तिने चहाच्या डब्यातली चिठ्ठी काढली. तिला चहाचा वास लागला होता. भाईदास दुकानातून येऊन चहाला बसला तेव्हा तिने ती त्याच्या बशीशेजारी ठेवली.

"मले जायचं आहे," ती म्हणाली.

भाईदासने भुसावळ काढलं. लोक काढले. एक लग्न होऊन जाऊ दे, मग बघू, असं म्हटलं. मंगला ऐकत राहिली. पंचवीस वर्षांत ती त्याच्याशी मोठ्याने बोलली नव्हती, आताही बोलली नाही.

"मोनाच्या लग्नाचे मांडे मले करायचे आहेत. या हाताने होत नाही. लोकायले काय सांगायचं ते तुम्ही बघा. साडीचा रंग जाणार नाही म्हणून रोज सांगताच ना."

भाईदासने चहा संपवला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. पण मंगळवारी सकाळी मोनाली स्कूटी काढायला गेली तर टाकी भरलेली होती, सीट पुसलेली होती आणि हुकाला पाण्याची बाटली अडकवलेली होती. हे सगळं उरकून भाईदास त्या दिवशी दुकानात अर्धा तास आधीच निघून गेला होता. मंगलाने ती बाटली बघितली आणि मनात म्हटलं, चला, माणसाने हो म्हटलं.

आता राहिली एकच अडचण. परक्या बाईपुढे बोलायची मंगलाची तयारी झाली होती, पण तिला दवाखान्यात नेणार होती मोनाली. शाळेतून सुट्टी काढून, गाडीवर मागे बसवून. जिच्यापासून चार वर्षं लपवलं तिच्याच खांद्याला धरून ते सांगायला जायचं, हे मंगलाच्या मनाला खाऊ लागलं. वाटभर ती मोनालीचा खांदा घट्ट आवळून बसली होती. मोनालीला वाटलं, घाबरली आहे. ती आपली सिग्नलला मागे वळून सांगत होती की मोठी माय, टेन्शन नको घेऊ, मी बाहेरच बसते ना.

सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर मोनालीने पर्ची काढली. नाव, वय एक्कावन्न, नंबर अकरा. लांब व्हरांड्यात, हिरव्या पडद्याच्या खोलीसमोर बाक होता. बाकावर आणखी दोन माणसं होती आणि त्यांतलं एकही मंगलाला येडं वाटलं नाही. एक जण मोबाइलवर भाव बघत होता, एक बाई स्वेटर विणत होती. मंगलाला वाटलं होतं की इथे आल्यावर सगळे आपल्याकडे बघतील. कोणी बघितलंही नाही.

नववा नंबर आत गेला. मग दहावा गेला. बाकावर दोघीच राहिल्या.

"मोना," मंगला म्हणाली, "आत जायच्या आधी तुले एक सांगायचं आहे. मंग तुले मले घरी न्यायचं असेल तर ने, नाही तर मी ऑटोने जाईन."

मोनाली हसली, आणि मंगलाचा चेहरा बघून थांबली.

"तुझ्या मायले तो आजार मी दिला. जसोंडीच्या लग्नातून मी आणला. मले सगळे नको म्हणत होते, मी गेली. तुझी माय माझी सेवा करता करता गेली. चार वर्षं मी तुझ्या ताटात वाढी राहिली आणि तुले सांगितलं नाही."

बोलून झाल्यावर मंगलाने डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, आता बाजूची जागा रिकामी होईल. पण जागा रिकामी झाली नाही. डोळे उघडले तेव्हा मोनाली समोरच्या भिंतीकडे बघत होती आणि तिचा रंग उतरला होता.

"मोठी माय, मले वास येत नव्हता," ती म्हणाली.

मंगलाला काही समजलं नाही.

"तू लग्नाले गेली ना, त्याच्या दोन दिवस आधीपासून. मम्मीने लसणाची फोडणी दिली आणि विचारलं, कशी झाली. मी म्हटलं मस्त. मले काहीच नाही आलं, ना वास, ना चव. मी मैत्रिणीच्या बर्थडेले गेली होती, घरी न सांगता. तेच कळलं असतं म्हणून चुप बसली. नंतर मम्मी गेली. मंग कोणाले सांगू? तुले कसं सांगू?"

तेवीस वर्षांची, तीस पोरांचा वर्ग एका नजरेत गप्प करणारी मोनाली ओढणी तोंडात धरून एकोणीस वर्षांच्या पोरीसारखी रडू लागली.

मंगला तिच्याकडे बघत राहिली. चार वर्षं एका ताटाच्या अंतरावर या पोरीने हेच गिळलं होतं आणि आपल्याला दिसलं नव्हतं. आपण आपल्याच दुखण्यावर झाकण दाबून बसलो होतो. तिला स्वतःची कीव आली नाही, तिला पोरीची आली. आणि त्याच क्षणी तिला वाटलं, बरं झालं हात थरथरला. हात थरथरला नसता तर मी आज इथे नसते आणि ही पोर हे ओझं घेऊन भुसावळला गेली असती. एवढे दिवस ज्या हाताला ती कोसत होती त्याचे तिने मनोमन आभार मानले.

"मंग तुझी माय कोणामुळे गेली?" तिने विचारलं. खरंच विचारलं, लहान मुलाने विचारावं तसं.

"माहीत नाही, मोठी माय. तेव्हा डॉक्टरले भी माहीत नव्हतं."

पडद्याआडून दहावा नंबर बाहेर आला. नर्सने अकरा म्हणून हाक दिली. मंगला उठली, पण आत गेली नाही.

"जा," ती मोनालीला म्हणाली, "खिडकीवर जा. आणखी एक पर्ची काढ, तुझ्या नावाची."

मोनाली डोळे पुसत बघत राहिली. लग्नाचं कळेल, लोक काय म्हणतील, असं काहीतरी तिच्या ओठांवर आलं असावं. मंगलाने आपली पर्ची तिच्यासमोर धरली. कागद थरथरत होता. मंगलाने हात पदराखाली घेतला नाही. मोनालीने तो हात दोन्ही हातांत धरला, क्षणभर धरला, आणि मग ती खिडकीकडे चालू लागली.

"जरा थांबा," मंगला नर्सला म्हणाली. "आम्ही दोघी आहोत."

पहिल्या दिवशी फारसं काही झालं नाही. मॅडम तरुण होत्या, आवाज हळू. मंगलाला वाटलं होतं की त्या म्हणतील, तुमची काही चूक नाही, घरी जा. त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी ऐकलं आणि पुन्हा बोलावलं. तिसऱ्या की चौथ्या मंगळवारी त्यांनी विचारलं की त्या दिवशी तुम्ही जसोंडीला निघालात तेव्हा ज्योत्स्ना काय म्हणाली होती.

मंगलाला आठवेना. चार वर्षांत तिने तो दिवस हजारदा उगाळला होता, पण त्या सगळ्या उगाळण्यात ज्योत्स्ना कुठेच बोलत नव्हती. ती फक्त मरायची. मॅडमनी घाई केली नाही. आणि मग मंगलाला दिसलं की खापर जुन्या लुगड्यात ज्योत्स्नाने स्वतः गुंडाळून दिलं होतं. ती दारात उभी राहून हसत होती. "ताई," ती म्हणाली होती, "मी नाही तर फाटलेले कोण खाईल? माझ्यासाठी घरी घेऊन ये." आणि त्या दिवशी, कसं कोण जाणे, एकही मांडा फाटला नव्हता. मंगला रिकाम्या हाताने घरी आली होती.

यंदा आखाजीला मंगलाने बाहेरचं काम घेतलं नाही. तीन घरची माणसं येऊन गेली, तिने तिघांनाही सांगितलं की आज घरी आहे. 'नाही' हा शब्द तिला नवीनच सापडला होता आणि तो वापरायला तिला मजा वाटत होती. सकाळी दिगंबरने घागर भरली, वर आंबा ठेवला. मोनाली खापरापाशी बसली. लग्नाला दहा-बारा दिवस राहिले होते, भुसावळला कोणाला काय कळलं होतं कोण जाणे. भाईदासने परस्पर ऋषिकेशला सगळं सांगून टाकलं होतं, हे पुढे कळलं. तो एवढंच म्हणाला होता, म्हणे, की रेल्वेत आमच्याकडेही अशा मॅडम येतात.

मंगलाने पहिला मांडा हातावर घेतला. हात थोडा हलला. अजून हलतो, पूर्वीइतका नाही. मांडा मनगटावरून कोपरापर्यंत आला आणि कडेला टराटरा फाटला. मोनालीने घाईने दुसरी पारी पुढे केली. नैवेद्याला चांगला हवा.

"राहू दे," मंगला म्हणाली, आणि तो फाटलेलाच खापरावर टाकला.

आमच्याकडे आगारी घरातले पुरुष ठेवतात. दिगंबर निखारे घेऊन बसला होता. मंगला ताट घेऊन त्याच्यासमोर आली तेव्हा तो तिच्याकडे बघून बाजूला सरकला. तिने मांड्याची घडी केली, वर तुपाची धार सोडली आणि थरथरत्या हाताने तो निखाऱ्यावर ठेवला. तूप चरचरलं. गूळ-वेलचीचा वास घरभर झाला, आणि मोनालीने डोळे मिटून तो मोठा श्वास घेऊन आत ओढला.

"घे, ज्योत्स्ना," मंगला म्हणाली. "फाटलेला आणला. उशीर झाला."